कारखान्यालाच बाँडेड गोदाम करताना: परवान्यापासून स्क्रॅपपर्यंत

कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम ५८ आणि ६५ खाली कोणताही उत्पादक स्वतःच्या कारखान्यासाठी बाँडेड गोदामाचा परवाना घेऊ शकतो. १ ऑक्टोबर २०१९ ला आलेल्या नियमावलीपासून या योजनेला उद्योगात ‘मूवर’ म्हणतात (नियमावलीच्या इंग्रजी नावातल्या ‘मॅन्युफॅक्चर अँड अदर ऑपरेशन्स इन वेअरहाउस’ वरून). आयात केलेले यंत्र आणि कच्चा माल शुल्क न भरता आत आणायचा, त्यावर काम करायचे आणि माल बाहेर पडताना शुल्काचा हिशेब करायचा, असा हा व्यवहार आहे. त्यात निर्यातीची सक्ती नाही, परवान्याचे नूतनीकरण नाही आणि थांबवलेल्या शुल्कावर व्याजही नाही.

एवढे ऐकून अनेक जण अर्ज करतात आणि वर्षभरात अडचणीत येतात. एक तर शुल्क माफच झाले असे धरून मालाची किंमत ठरवलेली असते, किंवा स्टोअरचा हिशेब जुन्याच पद्धतीने चालू असतो. दुसरी चूक जास्त महाग पडते. म्हणून या लेखात अर्जापेक्षा हिशेबावर जास्त भर आहे.

## १. आधी कागदावर आकडे मांडा

शुल्क कुठे खरोखर वाचते आणि कुठे फक्त पुढे जाते, हे वेगवेगळे काढा.

यंत्रे. समजा, यंत्राची शुल्कयोग्य किंमत २ कोटी रुपये आहे. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के धरले तर १५ लाख, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १.५ लाख, आणि या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा एकात्मिक जीएसटी) ३८.९७ लाख. एकूण ५५.४७ लाख रुपये. यातले आयजीएसटी एरवीही क्रेडिट म्हणून परत मिळते, खरा खर्च १६.५ लाखांचा. यंत्र बाँडमध्ये आहे तोवर यातला एक रुपयाही भरावा लागत नाही, मग तयार माल देशात विका की परदेशात. योजनेचा सर्वांत मोठा फायदा इथे आहे.

निर्यातीत गेलेला कच्चा माल. यावरचे शुल्क कायमचे सुटते.

देशात विकलेल्या मालातला कच्चा माल. यावरचे शुल्क भरावेच लागते, फक्त उशिरा आणि बिनव्याजी. इथे फायदा खेळत्या भांडवलाचा आहे, दराचा नाही. अमेरिकेतल्या फॉरेन-ट्रेड झोनमध्ये काही अटींवर तयार मालाचा कमी दर निवडता येतो. आपल्या बाँडेड कारखान्यात तशी सोय नाही. शुल्क लागते ते आयात मालावर, आयात मालाच्याच दराने. त्यामुळे सुट्या भागावर जास्त आणि तयार मालावर कमी दर, ही तुमची मूळ अडचण असेल तर ही योजना ती सोडवणार नाही.

आता वजाबाकी करा. या कारखान्यात बनलेल्या मालाच्या निर्यातीवर रॉडटेप (निर्यात मालावरचे कर परत देणारी योजना) आणि सरसकट दराचा ड्रॉबॅक (निर्यात मालातल्या सीमाशुल्काचा परतावा) मिळत नाही. आज त्यांतून वर्षाला किती रक्कम येते, ती या गणितातून वजा केल्याशिवाय निर्णय घेऊ नका. यंत्रासाठी ईपीसीजीचा (निर्यातीच्या अटीवर शुल्काविना यंत्र आणू देणारी योजना) पर्याय असेल तर वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करण्याचे बंधन समोर ठेवून तुलना करा. मुख्य बाजार देशातला असेल तर ते बंधन गळ्याशी येते आणि मूवर सरस ठरते.

> अर्जाआधी पाहा: वित्त कायदा, २०२३ ने कस्टम्स कायद्यात ६५अ हे कलम घातले. ते ज्या तारखेपासून अधिसूचनेने लागू होईल, तेव्हापासून अशा गोदामात येणाऱ्या मालावर आयजीएसटी आधीच भरावे लागेल. गणित दोन्ही प्रकारे करून ठेवा. शिवाय २०२४ च्या दुरुस्तीने काही कामे या योजनेतून वगळण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे. तुमचे काम त्यात येते का, हे अर्जाच्या दिवशीच्या अधिसूचनांवरून तपासा.

## २. जागेची हद्द ठरवा

परवाना नकाशावर दाखवलेल्या जागेला मिळतो. संपूर्ण आवार घ्यायचे की एखादी शेड, हे तुम्ही ठरवता, पण आयात माल शुल्क भरण्याआधी जिथे जिथे जातो ती प्रत्येक जागा त्या रेषेच्या आत हवी.

नकाशा हातात घेऊन मालाच्या मागे मागे चाला: उतरवण्याचा धक्का, स्टोअर, मशीन शॉप, रंगकाम, तपासणी कक्ष, नाकारलेल्या मालाची जागा, तयार मालाचे गोदाम, स्क्रॅप यार्ड. नेहमी विसरतात ते शेवटचेच. चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या जुन्या प्लॉटवर स्क्रॅपचा ढीग बहुधा मागच्या भिंतीलगत किंवा शेजारच्या भाड्याच्या तुकड्यात असतो. नकाशात तो नसेल तर आयात तांब्याचे तुकडे तिथे नेणे म्हणजे माल परवानगीशिवाय गोदामाबाहेर काढणे. अशा मालावर कलम ७२ खाली पूर्ण शुल्क, व्याज आणि दंड, तिन्ही मागता येतात.

चारी बाजूंनी भिंत हवीच असे नाही, पण जागा सुरक्षित आहे आणि ये-जा एका ठरलेल्या फाटकातून होते हे अधिकाऱ्याला दिसले पाहिजे. देशी माल त्याच आवारात ठेवायला आणि वापरायला हरकत नाही. त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

वेअरहाउस कीपर याच टप्प्यावर नेमा. गोदामाचे काम आणि कस्टम्सची कार्यपद्धती जाणणारा, डिजिटल सही असलेला माणूस हवा. स्टोअरमधल्या सर्वांत नवख्या मुलाचे नाव देऊन मोकळे होऊ नका. गाडी थांबवण्याचा अधिकार नसलेला कीपर डिस्पॅचच्या घाईपुढे टिकत नाही.

## ३. हिशेबाची घडी अर्जाआधी बसवा

या योजनेत कस्टम्सचा माणूस तुमच्या दारात बसत नाही. त्याच्या जागी तुमचा डिजिटल हिशेब असतो, त्यामुळे तो कच्चा असेल तर दुसरा आधार नाही.

मोटारचे स्टेटर (तार गुंडाळलेला स्थिर भाग) बनवणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घ्या. १,२०० किलो तांब्याची तार आयात केली. बिल ऑफ एंट्रीवर (आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरायच्या बिलावर) एकक किलो. स्टोअरने पावती केली ‘४८ स्पूल’ अशी, प्रत्येकी २५ किलो. उत्पादन विभाग उचल किलोत मागतो. बीओएममध्ये (एका नगाला लागणाऱ्या मालाच्या यादीत) लिहिले आहे: एका स्टेटरला ३१० ग्रॅम. प्रत्यक्ष स्टेटरमध्ये राहते २९८ ग्रॅम, १२ ग्रॅम टोके कापली जातात. एकाच तारेची किलो, स्पूल आणि ग्रॅम अशी तीन एकके झाली, आणि रिकाम्या स्पूलचे वजन धरले की नाही हा चौथा घोळ. सहा महिन्यांनी शिल्लक जुळत नाही ती चोरीमुळे नव्हे, या एककांमुळे.

क्रम असा ठेवा:

१. प्रत्येक आयात वस्तूचे मूळ एकक बिल ऑफ एंट्रीवरचेच ठेवा. दुसरे एकक हवे असेल तर रूपांतर प्रणालीतच पक्के बसवा, माणसाच्या डोक्यात नको.

२. प्रत्येक लॉटला बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, तारीख आणि त्यातली ओळ जोडा. पुढे देशातल्या विक्रीसाठी एक्स-बाँड बिल (शुल्क भरून माल बाहेर काढण्याचे) भरताना मूळ इन-बाँड बिलाचा (शुल्क न भरता माल आत आणण्याच्या) हाच संदर्भ द्यावा लागतो. दोन बिलांचा माल एका रॅकवर मिसळला की हा धागा तुटतो. आधी आलेला माल आधी उचला.

३. तोच कच्चा माल देशातही घेत असाल तर त्याला वेगळा आयटम कोड द्या. एक कोड, दोन उगम अशी रचना असेल तर तयार मालात आयात तार किती गेली हे सिद्ध करता येत नाही.

४. इनपुट-आउटपुट प्रमाण प्रत्यक्ष तोलून काढा. बीओएममधला आकडा अनेकदा डिझाइनच्या वेळचा असतो. हे प्रमाण कस्टम्सला द्यावे लागू शकते, आणि पुढे बदलले तर कळवावे लागते.

> चाचणी: तयार मालातला कोणताही एक नग उचला. त्यातल्या आयात मालाचे बिल ऑफ एंट्री प्रणालीतून १५ मिनिटांत सापडले पाहिजे. सापडत नसेल तर अर्ज थांबवा.

## ४. अर्ज

कलम ५८ चा परवाना आणि कलम ६५ ची परवानगी यांसाठी एकच अर्ज असतो. तो तुमच्या भागाच्या कस्टम्स आयुक्तांकडे जातो. अर्ज, गोदामांमधली मालाची बदली आणि मासिक विवरण यांसाठी आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) वेअरहाउस मॉड्यूल आहे. सोबत जागेचा नकाशा, मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा, कंपनीची आणि संचालकांची कागदपत्रे, करायच्या कामाचे वर्णन, आणि हिशेब ठेवण्याबद्दलची हमीपत्रे लागतात. त्यानंतर अधिकारी जागा पाहून जातात.

अर्ज रेंगाळण्याचे सर्वांत साधे कारण पत्ता. आयईसीवर (आयात-निर्यात कोडच्या नोंदीत) ‘गट क्रमांक’, जीएसटी नोंदणीत ‘प्लॉट’, भाडेकरारात गावाचे जुने नाव. तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकच पत्ता करून मगच अर्ज भरा. कामाच्या वर्णनातही कंजुषी नको: आज फक्त जुळणी करत असाल आणि वर्षभरात यंत्रकाम सुरू करणार असाल, तर दोन्ही लिहा.

परवान्यासोबत मिळणारा वेअरहाउस कोड प्रत्येक इन-बाँड बिलावर लागतो. परवाना रद्द होईपर्यंत किंवा तुम्ही परत करेपर्यंत चालतो.

## ५. बाँडची रक्कम

कलम ५९ खाली मालावरच्या शुल्काच्या तिप्पट रकमेचा बाँड, म्हणजे कस्टम्सला लेखी हमी, द्यावा लागतो. बँक गॅरंटी लागत नाही म्हणून रक्कम अंदाजाने टाकली जाते, आणि इथेच कंटेनर अडकतो.

वरच्या यंत्राचे शुल्क ५५.४७ लाख, तिप्पट १ कोटी ६६ लाख ४१ हजार. यंत्र आत आहे तोवर ही रक्कम बाँडमध्ये अडकूनच राहते. कच्च्या मालाची रक्कम फिरती असते. माल निघाला की ती पुन्हा मोकळी होते. म्हणून हिशेब दोन भागांत करा: सगळ्या यंत्रांचे शुल्क, अधिक कच्च्या मालाचा वर्षातला सर्वांत मोठा साठा आणि वाटेतले कंटेनर. या बेरजेची तिप्पट आणि वर थोडी मोकळीक. बाँड संपला हे न्हावाशेवाला कंटेनर उतरल्यावर कळले, तर नवा बाँड होईपर्यंतचे डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) तुमच्या खिशातून जाते.

## ६. पहिला कंटेनर

कस्टम्स ब्रोकरला लेखी कळवा की यापुढे बिल इन-बाँड भरायचे आहे. वर्षानुवर्षांच्या सवयीने होम कन्झम्प्शनचे (लगेच शुल्क भरून माल सोडवण्याचे) बिल भरले जाते आणि शुल्क भरून मोकळे होतात, असे पहिल्या महिन्यात हमखास होते. वेअरहाउस कोड, बाँड क्रमांक आणि जीएसटीआयएन, तिन्ही बिलाच्या मसुद्यातच तपासा.

बंदरापासून कारखान्यापर्यंत माल वन-टाइम लॉक (एकदाच लागणारे, कापूनच उघडणारे कुलूप) लावून येतो. फाटकावर क्रम असा:

१. लॉकचा क्रमांक कागदाशी जुळवा, लॉक अखंड आहे का पाहा, फोटो काढा.

२. लॉक तुटलेले किंवा क्रमांक वेगळा असेल तर माल उतरवू नका. बाँड अधिकाऱ्याला (तुमच्या गोदामासाठी नेमलेल्या कस्टम्स अधिकाऱ्याला) ताबडतोब कळवा.

३. सर्व ठीक असेल तर उतरवा, मोजा, बिलाशी ताडा.

४. कमी-जास्त आढळले तर २४ तासांच्या आत बाँड अधिकाऱ्याला कळवा. पॅकिंग लिस्टमध्ये चूक असेल, पुरवठादाराला विचारून मग सांगू, असे करत ही मुदत हुकते. आधी कळवा, पुरवठादाराचा खुलासा नंतर जोडता येतो.

५. बिलावर आणि वाहतुकीच्या कागदावर मिळालेल्या मालाची नोंद करा, प्रत ठेवा, नोंदवहीत आवक चढवा आणि प्रती बाँड अधिकाऱ्याकडे पोचवा.

रात्री अकराला गाडी आली आणि कीपर घरी गेला, तर सुरक्षारक्षक लॉक कापून टाकतो. हे टाळायला कीपरशिवाय लॉक कापायचे नाही, असा फलकच फाटकावर लावा.

## ७. देशातली विक्री: बिल आधी, गाडी नंतर

तयार माल फाटकाबाहेर पडण्यापूर्वी त्यात गेलेल्या आयात मालाचे एक्स-बाँड बिल भरून शुल्क चुकते झालेले हवे. महिनाअखेरीला एकदम भरू, हे चालत नाही. रोजच्या डिस्पॅचमागे धावणे जमत नसेल तर पुढच्या काही दिवसांच्या विक्रीचा अंदाज घेऊन तेवढ्या कच्च्या मालाचे शुल्क आगाऊ भरून ठेवा आणि त्या शिलकीतून वजा करत जा. शिल्लक शून्याला आली की गेटपास निघणार नाही, अशी अट प्रणालीतच घाला.

किती मालावर भरायचे? १०० स्टेटर देशात जाणार असतील तर ३१ किलो तारेवर, २९.८ वर नाही. देशातल्या विक्रीच्या वाट्याचा कचराही शुल्काखाली येतो, असे कलम ६५(२) सांगते. स्टेटरमध्ये उरलेल्या तारेवरच शुल्क भरणे ही लेखापरीक्षणात सर्वांत आधी सापडणारी चूक.

दर आणि विनिमय दर यांच्या तारखा वेगळ्या असतात, हेही लक्षात ठेवा. शुल्काचा दर एक्स-बाँड बिल भरल्याच्या दिवसाचा. डॉलरचा भाव मात्र मूळ इन-बाँड बिलाच्या दिवसाचा. मधल्या काळात अर्थसंकल्पात दर वाढला तर जुन्या साठ्यावरही वाढीव दर लागतो.

याशिवाय तयार मालाच्या विक्रीवर नेहमीसारखे जीएसटी बीजक आणि कर. एक्स-बाँड बिलावर भरलेल्या आयजीएसटीचे क्रेडिट मिळते. त्यासाठी ते जीएसटीआर-२बीमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या मासिक क्रेडिट विवरणात) दिसते का, हे दरमहा पाहा.

## ८. निर्यात

शिपिंग बिलासोबत (निर्यातीच्या वेळी कस्टम्सकडे भरायच्या बिलासोबत) या मालात कोणत्या इन-बाँड बिलाचा किती माल गेला, याचा तक्ता तयार ठेवा. आधीची घडी बसली असेल तर इथे फारसे काम उरत नाही. आकडे पाहा: १,२०० किलो तारेची शुल्कयोग्य किंमत १० लाख आणि मूळ शुल्क १० टक्के धरले, तर अधिभारासह १ लाख १० हजार होतात. ६० टक्के स्टेटर निर्यात झाले तर ६६ हजार कायमचे सुटले, ४४ हजार देशातल्या विक्रीसोबत भरले. माल देशाबाहेर गेल्याचा पुरावा त्या तक्त्यालाच जोडा.

## ९. स्क्रॅप

१,२०० किलोतून ३,८७० स्टेटर बनतात. प्रत्येकी १२ ग्रॅमप्रमाणे ४६.४४ किलो टोके. त्यांतल्या देशी विक्रीच्या वाट्यावर शुल्क आधीच भरलेले असते. निर्यातीच्या २,३२२ नगांच्या वाट्याला २७.८६ किलो येतात. या वाट्यावरचे मूळ तारेचे शुल्क सुटते, पण अट आहे: ही टोके नष्ट केली पाहिजेत, किंवा तांब्याचे स्क्रॅपच आयात केले असते तर जे शुल्क लागले असते ते भरले पाहिजे.

भंगारवाला महिन्यातून एकदा येतो आणि सगळे एकत्र तोलून नेतो, ही पद्धत बंद करावी लागते. आयात मालाच्या टोकांसाठी वेगळा पिंप, रोज वजन, रोज नोंद. प्रत्यक्ष वजन प्रमाणापेक्षा सतत जास्त येत असेल तर बीओएम चुकीचे आहे. सुधारा आणि कळवा. सतत कमी येत असेल तर टोके कुठे जातात ते शोधा.

## १०. मासिक विवरण

पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. आवक, वापर, देशातील विक्री, निर्यात, कचरा, शिल्लक, सगळे ठरलेल्या नमुन्यात. कागदपत्रे किमान पाच वर्षे जपा आणि डिजिटल नोंदींची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवा.

विवरण भरण्याआधी दर महिन्याला कोणत्याही पाच वस्तूंची प्रत्यक्ष मोजणी करा. वर्षअखेरच्या मोजणीत सापडलेल्या फरकाचे कारण कोणालाच आठवत नाही. तीन आठवड्यांपूर्वीच्या फरकाचे आठवते.

## ११. आवाराबाहेर जाणारे इतर काही

जॉबवर्क. कोटिंग किंवा उष्णोपचारासाठी माल बाहेर जात असेल तर ठरलेली कार्यपद्धती आधी पूर्ण करा, बाँड अधिकाऱ्याला कळवा, चलन काढा. जुन्या सवयीने नुसत्या डिलिव्हरी चलनावर टेम्पो पाठवू नका. बाहेर राहिलेली टोकेही तुमच्याच हिशेबात येतात.

आग, पूर, नुकसान. विमा काढताना साठ्याच्या किमतीत थांबलेले शुल्क धरा. नष्ट झालेल्या मालावरचे शुल्क कलम २३ खाली माफ होऊ शकते, पण किरकोळ चोरी त्यात बसत नाही. ते शुल्क तुम्हालाच भरावे लागते.

यंत्राची विक्री. आठ-दहा वर्षे वापरलेले यंत्र देशात विकायला काढले की थांबलेले शुल्क भरावे लागते, आणि त्यात घसाऱ्याची सूट नाही. वरच्या यंत्राला बाजारात ३० लाख येत असतील तरी शुल्काचा हिशेब २ कोटींवर होतो. यंत्र परदेशात विकले तर शुल्क लागत नाही. दुसऱ्या बाँडेड कारखान्याला देणार असाल तर परवानगी घेऊन बाँडमधून बाँडमध्ये हलवता येते. परवाना परत करतानाही आतल्या प्रत्येक यंत्राला हेच लागू होते. म्हणून यंत्रांची एक वेगळी यादी पहिल्या दिवसापासून ठेवा: इन-बाँड बिल, तारीख, शुल्कयोग्य किंमत, थांबलेले शुल्क. ग्राहकाशी भाव ठरवण्याआधी ती उघडून पाहा.